विश्वासाचे ‘काय’ आणि ‘कसा’: अभ्यासगटाने दोन्ही बाजू कशा हाताळाव्यात

बायबल अभ्यासगटात ‘विश्वास म्हणजे काय?’ असा प्रश्न टाकला की अर्ध्या तासात दोन तट पडतात. एक तट म्हणतो, मतांगीकारात (मंडळीने, म्हणजे चर्चने, ठरवलेल्या विश्वासाच्या सूत्रात) जे लिहिले आहे ते खरे मानणे म्हणजे विश्वास. दुसरा म्हणतो, माझा प्रभूवर भरवसा आहे, तोच विश्वास, बाकी पोथी. दोघेही एकच शब्द वापरतात, पण एकाचे बोट ज्यावर विश्वास ठेवला त्याकडे असते आणि दुसऱ्याचे विश्वास ठेवणाऱ्याच्या अंतःकरणाकडे. मग वाद मिटत नाही, कारण तो सुरूच झालेला नसतो.

ही गुंतागुंत जुनी आहे आणि ती सोडवायचे हत्यारही जुने आहे. पाचव्या शतकाच्या आरंभी बिशप ऑगस्टीनने त्रैक्यावरच्या (पिता, पुत्र व पवित्र आत्मा असा एकच देव, या शिकवणीवरच्या) आपल्या ग्रंथाच्या तेराव्या भागात दोन गोष्टी वेगळ्या केल्या: जे मानले जाते ते, आणि ज्याच्या योगे मानले जाते तो विश्वास. पुढे लॅटिन ईशज्ञानात, म्हणजे देवाविषयीच्या शास्त्रात, पहिल्याला ‘फिदेस क्वे’ आणि दुसऱ्याला ‘फिदेस क्वा’ अशी नावे रूढ झाली. पहिली वस्तुनिष्ठ बाजू, दुसरी व्यक्तिनिष्ठ. ऑगस्टीनने तिथेच एक दृष्टांत दिला आहे: माणसाचा चेहरा सर्वांचा एकच असतो असे आपण म्हणतो, आणि तरी प्रत्येकाला आपापला चेहरा असतो. मंडळीचा विश्वास एक आणि प्रत्येकाचा विश्वास ज्याचा त्याचा, हे दोन्ही त्याच अर्थाने खरे.

खालची रीत पाळक, धर्मशिक्षक किंवा गटप्रमुख यांना वापरता यावी अशी मांडली आहे.

तयारी

सहा ते दहा जणांचा गट, चार बैठका, प्रत्येकी ९० मिनिटे. गट दहाच्या वर गेला तर दोन करा, कारण वहीकाम प्रत्येकाने स्वतः करायचे आहे. मराठी बायबलची निदान दोन वेगळी भाषांतरे टेबलावर हवीत, आणि एकाकडे तरी ग्रीक नवा करार व शब्दकोश हवा. ग्रीक येत नसले तरी चालेल. मूळ शब्द कुठे कुठे पुन्हा आला आहे एवढे पाहता आले की पुरे.

प्रत्येकाने वहीचे पान तीन रकान्यांत आखावे: ‘काय’ (जे मानले जाते ते), ‘कसा’ (ज्याच्या योगे मानले जाते तो विश्वास), ‘कोणावर’ (ज्याच्यावर तो ठेवला जातो तो). तिसरा रकाना गाळू नका. दोनच रकाने आखले तर पहिल्या बैठकीतले दोन तट वहीत उतरतात आणि तिथेच राहतात. तिसऱ्या रकान्याचे काम शेवटपर्यंत पुरते.

शब्दांचेही आधीच ठरवून घ्या. मराठी प्रोटेस्टंट मंडळ्यांत ‘विश्वास’ हा शब्द रुळला आहे; कॅथलिक लिखाणात ‘श्रद्धा’ही सर्रास येतो. गट मिश्र असेल तर एकच शब्द निवडा. नाहीतर कोणीतरी नक्की म्हणेल की श्रद्धा मनाची आणि विश्वास बुद्धीचा, आणि मूळ ग्रीक शब्द दोन्हीकडे एकच, ‘पिस्टिस’, आहे हे विसरून एक बैठक वाया जाईल.

पहिली बैठक: दोन शब्दांचा अर्थ आणि सहा वचने

सुरुवातीची पंधरा मिनिटे ‘वस्तुनिष्ठ’ आणि ‘व्यक्तिनिष्ठ’ या शब्दांवर घालवा. शाळेत वस्तुनिष्ठ म्हटले की प्रयोगशाळेत सिद्ध होणारे, आणि व्यक्तिनिष्ठ म्हटले की ज्याच्या त्याच्या आवडीचे, असे मनात बसलेले असते. ईशज्ञानात तसे नाही. वस्तुनिष्ठ म्हणजे माझ्या मानण्या-न मानण्यावर जे अवलंबून नाही ते. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या १५ व्या अध्यायात पौल सांगतो की ख्रिस्त उठवला गेला नसेल तर आमची घोषणा व्यर्थ आणि तुमचा विश्वासही व्यर्थ. म्हणजे विश्वास कितीही उत्कट असला तरी तो आपला आधार स्वतः निर्माण करू शकत नाही. व्यक्तिनिष्ठ म्हणजे जे माझ्या वतीने दुसरा कोणी करू शकत नाही ते. त्यात भावना येतात, पण भावनांपुरते ते नसते. स्तोत्र ८८ अंधारात संपते, शेवटच्या ओळीतही उजेड नाही. तरी ते देवालाच हाक मारून म्हटलेले आहे. भावना आटली तरी ‘कसा’चा रकाना रिकामा राहत नाही, हे दाखवायला या स्तोत्राइतका चांगला उतारा दुसरा नाही.

मग पुढची सहा वचने वाचा. प्रत्येकाने एकट्याने, न बोलता, वचन मुख्यतः कोणत्या रकान्यात जाते ते लिहावे: यहूदाचे पत्र, वचन ३, गलती १:२३, मत्तय ९:२२, मार्क ९:२४, याकोब २:१९, रोमकरांस १०:९-१०.

यहूदाचे पत्र पवित्र जनांच्या स्वाधीन एकदाच केलेल्या विश्वासाबद्दल बोलते. जे स्वाधीन करता येते ते ‘काय’. गलतीकरांच्या वचनात पौल जो विश्वास पूर्वी नष्ट करू पाहत होता त्याचीच आता घोषणा करतो; तेही ‘काय’. मत्तयामध्ये येशू त्या रक्तस्रावी स्त्रीला सांगतो की तुझ्या विश्वासाने तुला बरे केले. तिने कोणताही मतांगीकार म्हटलेला नाही, फक्त वस्त्राच्या काठाला हात लावला आहे. हे ‘कसा’. मार्कमधला आजारी मुलाचा बाप एकाच दमात विश्वास आणि अविश्वास दोन्ही कबूल करतो, तेही ‘कसा’, आणि तो हे येशूला म्हणतो, म्हणून तिसरा रकानाही भरतो.

याकोबावर थांबा. देव एकच आहे असे भुतेही मानतात आणि थरथर कापतात. त्यांचा ‘काय’ बिनचूक आहे. त्यांना थरकापाची भावनाही आहे, तेव्हा ‘इथे फक्त डोके आहे, हृदय नाही’ हे नेहमीचे स्पष्टीकरण पुरत नाही. मग काय नाही? त्यांनी स्वतःला त्याच्या हाती दिलेले नाही. हे उत्तर गटातून येऊ द्या, आपण देऊ नका. रोमकरांसच्या वचनात तोंडाने कबुली आणि अंतःकरणाने विश्वास अशी जोडी एकाच वाक्यात आहे. ते वचन कोणत्याही एका रकान्यात मावत नाही हे ज्याने लिहिले त्याचे बरोबर.

दुसरी बैठक: इब्री ११:१

पूर्ण बैठक इब्री लोकांस पत्रातल्या या एका वचनाला द्या. या विषयातला बहुतेक वाद इथूनच निघतो, आणि मराठी वाचकाला तर हे वचन अर्धेच भेटलेले असते.

प्रचलित मराठी भाषांतरात विश्वास म्हणजे आशा धरलेल्या गोष्टींविषयीचा ‘भरवसा’ आणि न दिसणाऱ्या गोष्टींबद्दलची ‘खातरी’. भरवसा आणि खातरी दोन्ही माणसाच्या मनात राहतात, म्हणजे मराठीने व्यक्तिनिष्ठ बाजू निवडली आहे. मूळ ग्रीक शब्द ‘हुपोस्टासिस’ आणि ‘एलेंखोस’. पहिल्याचा शब्दशः अर्थ खाली उभे असलेले, म्हणजे आधार, सत्त्व, वस्तूचे खरेपण. दुसऱ्याचा अर्थ पुरावा, सिद्ध करून दाखवणे.

आता गटाला त्याच पत्रात हुपोस्टासिस आणखी कुठे येतो ते शोधायला लावा. तो १:३ मध्ये येतो, जिथे पुत्राला देवाच्या ‘तत्त्वाचे’ प्रतिरूप म्हटले आहे. तो ३:१४ मध्येही येतो, आणि तिथे मराठीत पुन्हा ‘भरवसा’ आहे. एकाच पत्रात एकच शब्द एकदा तत्त्व आणि दोनदा भरवसा! भाषांतरकारांनी चूक केली असे नव्हे. ३:१४ मध्ये भरवसा चपखल बसतो. पण ११:१ कोणत्या बाजूचे, याचा निर्णय वाचकाच्या आधीच कोणीतरी घेतलेला आहे, आणि तो निर्णय होता हे वाचकाला कळले पाहिजे.

पाश्चात्त्य मंडळीतही हे वचन दोन वाटांनी गेले. लॅटिन भाषांतरात ‘सुब्स्तान्सिया’ आणि ‘आर्गुमेंतुम’ हे शब्द आले, म्हणजे सत्त्व आणि पुरावा. १६११ च्या इंग्रजी किंग जेम्स भाषांतराने तीच वाट धरली. प्रोटेस्टंट सुधारणेचा प्रणेता ल्यूथर याने जर्मनमध्ये खात्रीचा भरवसा असा अर्थ घेतला. २००७ मध्ये आशेवरच्या परिपत्रकात पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी या भाषांतराची चर्चा करून म्हटले की ल्यूथरचे वाचन मूळ शब्दाला पूर्ण न्याय देत नाही: विश्वास म्हणजे येणाऱ्या गोष्टींकडे मनाने हात पसरणे एवढेच नव्हे, त्या गोष्टींचे काहीतरी आजच हाती येणे. जर्मनीतल्या कॅथलिक भाषांतराचाच प्रवास बोलका आहे. १९८० च्या आवृत्तीत ल्यूथरच्या जवळ जाणारे, ठाम उभे राहण्याचे आणि खात्री असण्याचे शब्द होते. २०१६ च्या सुधारित आवृत्तीत ‘आधार’ हा शब्द आला.

आमच्या मते वस्तुनिष्ठ वाचनाच्या बाजूचा सर्वांत भक्कम पुरावा शब्दकोशात नसून थोडे मागे, १०:३४ मध्ये आहे. ज्यांना हे पत्र लिहिले त्यांची मालमत्ता लुटली गेली होती आणि त्यांनी ते आनंदाने सोसले, कारण आपल्याजवळ अधिक चांगली व टिकाऊ मालमत्ता आहे हे त्यांना ठाऊक होते. घरदार गेलेल्या माणसांपुढे लेखक ‘विश्वास म्हणजे हुपोस्टासिस’ म्हणतो. इजिप्तमध्ये सापडलेल्या ग्रीक पपायरसांत हा शब्द मालमत्तेच्या कागदपत्रांच्या संदर्भातही येतो. महाराष्ट्रातल्या माणसाला हे सातबाऱ्याच्या उताऱ्याने चटकन कळते. उतारा म्हणजे जमीन नव्हे. पण ‘जमीन आपली होईल असे मला वाटते’ यापेक्षा तो कितीतरी जास्त आहे. जमीन दृष्टीआड आहे, उतारा हातात आहे, आणि उताऱ्याच्या जोरावर माणूस आजच वेगळा वागतो. दाखला इथवरच ताणा. उतारा हरवू शकतो, तलाठ्याकडून चुकू शकतो. त्या दिशेने गट गेला तर वचन मागे पडते.

आता उलट बाजू मांडायची जबाबदारी एकाला द्या. ११ व्या अध्यायात पुढे व्याख्या नाही, माणसे आहेत: नोहा, अब्राहाम, सारा, मोशे. कोणी तारू बांधतो, कोणी कुठे जायचे ते ठाऊक नसता निघतो. हे भरवशाचेच चित्र आहे, म्हणून ल्यूथरने चुकीचे काही ऐकले असे म्हणता येत नाही. त्याने अर्धे ऐकले. बैठक संपण्यापूर्वी प्रत्येकाने ११:१ चे स्वतःचे मराठी भाषांतर लिहावे, असे की त्यात दोन्ही बाजू दिसाव्यात. हे जमत नाही, असा बहुतेकांचा अनुभव असतो. त्या न जमण्यातून शब्दाचे वजन कळते. कच्चे मसुदे वहीत तसेच राहू द्या.

तिसरी बैठक: क्रियापदे, प्रत्यय आणि तीन घटक

मराठीत विश्वास बसतो, विश्वास ठेवतात आणि विश्वास टाकतातही. तीन क्रियापदे फळ्यावर लिहा आणि फरक विचारा. बसतो तेव्हा मी कर्ता नसतो. काहीतरी समोर येते आणि पटते. ठेवतो तेव्हा इच्छा माझी असते. टाकतो तेव्हा माझे वजन दुसऱ्यावर जाते. विश्वास देवाची देणगी की माणसाचे कृत्य, हा शतकानुशतकांचा वाद पुष्कळदा ‘बसणे’ आणि ‘ठेवणे’ यांपैकी एकच क्रियापद खरे मानल्यामुळे होतो. मराठीला दोन्ही लागतात, आणि पौललाही: रोमकरांस १०:१७ मध्ये विश्वास ऐकण्यातून येतो, आणि १:५ मध्ये विश्वास म्हणजे आज्ञापालन.

लॅटिन परंपरेने हेच विभक्तीने केले. ऑगस्टीनपासून तीन रचना वेगळ्या धरल्या गेल्या: देवाचा शब्द खरा मानणे, देवाविषयी मानणे, आणि देवावर विश्वास ठेवणे. पहिल्यात देव साक्षीदार, दुसऱ्यात देव विषय, तिसऱ्यात देव गंतव्य. तेराव्या शतकात ईशज्ञानी थॉमस अक्वायनसने यावर जी टीप केली ती गटाला लिहूनच द्या: ही तीन वेगळी कृत्ये नव्हेत, एकाच कृत्याचे आपल्या विषयाशी असलेले तीन संबंध आहेत. वहीतले तीन रकाने म्हणजे हेच. रकाने पाडायचे ते पाहण्यासाठी. विश्वास रकान्यांत राहत नाही.

अक्वायनसने आणखी एक गोष्ट सांगितली: विश्वास ठेवणाऱ्याचे कृत्य विधानापाशी थांबत नाही, ज्याबद्दल विधान आहे त्यापर्यंत जाते. १९९२ च्या कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथाने हाच धागा उचलला आहे: आपण सूत्रांवर विश्वास ठेवत नाही, सूत्रे ज्यांना व्यक्त करतात त्या वास्तवांवर ठेवतो. ‘मतांगीकार म्हणजे पोथी’ म्हणणाऱ्याला इथे पूर्ण उत्तर मिळते, आणि मतांगीकार पाठ आहे म्हणून समाधानी असलेल्यालाही. सूत्र खिडकीसारखे आहे. फुटकी असेल तर बाहेरचे वेडेवाकडे दिसते, म्हणून काच नीट हवी, पण पाहायचे बाहेर.

आता आपल्या मंडळीत म्हणतात तो प्रेषितांचा मतांगीकार उघडा आणि ‘वर’ हा प्रत्यय कुठे कुठे लागला आहे त्याखाली रेघ मारा. लॅटिनमध्ये पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्यापूर्वी ‘इन’ आहे, मंडळीपूर्वी नाही. हा फरक पाचव्या शतकाच्या सुरुवातीलाच या मतांगीकाराचा भाष्यकार रुफिनस याने टिपून ठेवला: देवावर विश्वास ठेवायचा, मंडळी आहे असे मानायचे. मराठी वाक्यरचनेत ‘यांवर’ एकदाच शेवटी आले की देव, मंडळी, पापांची क्षमा सगळे एकाच ओळीत बसते आणि हा फरक पुसला जातो. चर्चच्या परिषदांनी ठरवलेला निकेआचा मतांगीकार (३२५, ३८१) पाहताना एकवचन-अनेकवचनही तपासा. परिषदेच्या ग्रीक मजकुरात ‘आम्ही विश्वास ठेवतो’ आहे. उपासनेत आणि बाप्तिस्म्यात ‘मी’. व्यक्तिनिष्ठ म्हणजे एकाकी असा समज इथे मोडतो. मार्क २:५ मध्ये तर येशू पक्षाघाती माणसाचा एकट्याचा नव्हे, त्याला छपरातून खाली सोडणाऱ्यांसह ‘त्यांचा’ विश्वास पाहतो.

उरलेला वेळ प्रोटेस्टंट परंपरेतल्या तीन घटकांना द्या: माहिती, मान्यता, भरवसा. लॅटिनमध्ये नोतितिया, आस्सेन्सुस, फिदुकिया. १५६३ च्या हायडेलबर्ग प्रश्नोत्तरीतला (प्रोटेस्टंट धर्मशिक्षणाच्या पुस्तकातला) २१ वा प्रश्न ‘खरा विश्वास म्हणजे काय’ असा आहे, आणि उत्तरात निश्चित ज्ञान व मनःपूर्वक भरवसा दोन्ही एकत्र येतात. एक सवय इथेच मोडून काढा. हे घटक जिन्याच्या पायऱ्यांसारखे शिकवले जातात: आधी माहिती गोळा करा, मग मान्य करा, शेवटी भरवसा ठेवा. प्रत्यक्षात क्रम उलटही असतो. आईच्या मांडीवर प्रार्थना शिकलेले मूल आधी भरवसा ठेवते आणि नावे नंतर शिकते.

चौथी बैठक: एक खरी साक्ष

ही रीत माणसाच्या आयुष्यावर वापरून पाहायला पंडिता रमाबाईंइतके योग्य उदाहरण मराठीत नाही. त्यांची पत्रे आणि साक्ष दोन्ही छापलेली आहेत, आणि त्यांनी आपल्या विश्वासाची चिकित्सा स्वतःच केली आहे.

२९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये वाँटेज इथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यानंतरच्या वर्षांत वाँटेजच्या मठातल्या सिस्टर जेराल्डीन आणि चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयाच्या प्रमुख डोरोथिया बील यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार चालला. त्रैक्य, ख्रिस्ताचे देवत्व, चर्चचा अधिकार यांवर त्या प्रश्न विचारत राहिल्या. मे १८८५ च्या एका पत्रात त्यांनी कळवले की भारतातल्या पुरोहितांच्या जोखडातून मोठ्या प्रयासाने सुटले आहे, तशाच दुसऱ्या जोखडाखाली जायची माझी तयारी नाही. पुढे १९०७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या साक्षीत त्या म्हणतात की बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी मला कळले की मला ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण त्या धर्माचे जीवन असलेला ख्रिस्त सापडला नव्हता.

गटाला दोन पाने आखू द्या: एक १८८३-८६ चे, दुसरे १८९१ च्या सुमाराचे. हमखास येणारे उत्तर असे: आधी त्यांच्याकडे ‘काय’ होते, ‘कसा’ नंतर आला. साक्षीतले वाक्य तसे वाचता येते. पण पत्रे शेजारी ठेवा म्हणजे ते टिकत नाही. १८८५ मध्ये त्यांचा ‘काय’च पक्का नव्हता, त्यावरच तर वाद होता. आणि ‘कसा’ अतिशय प्रखर होता: आपल्या सदसद्विवेकाला पटल्याशिवाय एक वाक्यही न उच्चारण्याचा निर्धार. व्यक्तिनिष्ठ बाजू दुबळी होती असे त्या पत्रांवरून कोणी म्हणणार नाही.

मग आठ वर्षांनी बदलले काय? तिसरा रकाना. आणि तो भरला तेव्हा पहिला सैल झाला नाही, उलट नेमका झाला: साक्षीत त्या पाप्यांसाठी मरण पावलेल्या तारणाऱ्याबद्दल बोलतात, नुसत्या चांगल्या धर्माबद्दल नाही. ‘अनुभव आला की सिद्धान्ताची गरज उरत नाही’ या समजुतीला हे एवढे उदाहरण पुरे आहे. ‘सिद्धान्त स्वीकारला की काम झाले’ या समजुतीलाही. वाँटेजच्या भगिनींनी रमाबाईंकडून सूत्राला होकार मागितला तेव्हा त्यांची कळकळ खोटी नव्हती. पण उसना होकार रमाबाई देऊ शकत नव्हत्या. प्रामाणिक ‘अजून नाही’ हे खोट्या ‘हो’पेक्षा विश्वासाच्या जवळ असते, असे आम्हाला ठामपणे वाटते.

रमाबाईंवर एक तास द्या. स्वतःच्या साक्षी या बैठकीत घेऊ नका; गटातल्या माणसाच्या आयुष्याचे रकाने इतरांनी भरणे जिव्हारी लागते. ज्याला हवे त्याने घरी, स्वतःपुरते करावे.

विचारवंत वाचायचे तर

गटाला पुढे जायचे असेल तर तीन विचारवंत आणि एक विषय पुरेत. जर्मन ईशज्ञानी श्लायरमाखरने (१८२१-२२) विश्वासाचा आरंभ संपूर्ण अवलंबनाच्या जाणिवेत शोधला, म्हणजे ईशज्ञान ‘कसा’कडून सुरू केले. शंभर वर्षांनी स्विस ईशज्ञानी कार्ल बार्थने दिशा फिरवली: विश्वासाला आकार देतो तो त्याचा विषय, आणि तो विषय स्वतः बोलणारा देव आहे.

डॅनिश विचारवंत किर्केगार्ड सर्वांत जास्त चुकीचा वाचला जातो. ‘सत्य म्हणजे व्यक्तिनिष्ठता’ हे १८४६ च्या ग्रंथातले वाक्य उचलून ‘मनापासून मानले की काहीही खरे’ असा अर्थ काढतात. ते वाक्य त्याने योहानेस क्लिमाकुस या टोपणनावाच्या तोंडी घातले आहे, आणि त्याचा रोख ख्रिस्ती देशात जन्मलो म्हणून ख्रिस्ती, असे समजणाऱ्यांवर आहे. पुढे आपल्या टिपणवहीत त्याने लिहिले की एक ‘कसा’ असा आहे की तो खरोखर असेल तर ‘काय’ही त्याच्याबरोबर येतो, आणि तो विश्वासाचा ‘कसा’. ही टीप वाचल्याशिवाय किर्केगार्डवर बैठक घेऊ नका.

चौथा विषय तारणाच्या निश्चितीचा. ल्यूथरने वचनावरच्या भरवशाला निश्चिती म्हटले. कॅथलिक चर्चच्या ट्रेंट परिषदेने १३ जानेवारी १५४७ च्या ठरावात सांगितले की आपल्याला कृपा मिळाली आहे हे कोणीही विश्वासाच्या निश्चितीने जाणू शकत नाही. साडेचारशे वर्षे ही विधाने समोरासमोर उभी राहिली. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी आउग्सबुर्ग इथे ल्यूथरन व कॅथलिक प्रतिनिधींनी सही केलेल्या संयुक्त घोषणेत उकल सापडते: देवाच्या दयेबद्दल शंका घेऊ नये, पण स्वतःच्या दुबळेपणाकडे पाहून माणसाला आपल्या तारणाची काळजी वाटू शकते. दोन नजरा, दोन दिशा. काळजीत पडलेल्या माणसाशी बोलताना तो कोणत्या दिशेला पाहून बोलतो आहे हे आधी विचारावे.

कुठे बिघडते

‘ख्रिस्ताचा विश्वास’ या रचनेवर बिघडते. रोमकरांस ३:२२ आणि गलती २:१६ मधला ग्रीक षष्ठीचा प्रयोग दोन प्रकारे वाचता येतो: ख्रिस्ताचा विश्वासूपणा, किंवा ख्रिस्तावरचा विश्वास. ‘आईची आठवण’ म्हटले की आईला आलेली आठवण की आईविषयी आलेली, हे जसे संदर्भावर ठरते तसे. १९८० च्या दशकापासून अभ्यासकांत यावर जोरात चर्चा आहे. व्याकरणात या दोन अर्थांना कर्तरी आणि कर्मणी षष्ठी म्हणतात; इंग्रजी पुस्तकांत तिथेही ‘सब्जेक्टिव्ह’ आणि ‘ऑब्जेक्टिव्ह’ हेच शब्द येतात. ते आपल्या विषयातले वस्तुनिष्ठ-व्यक्तिनिष्ठ नव्हेत. इंग्रजी भाष्य वापरणारे गट इथे अडखळतात.

मोजमापावर बिघडते, आणि ही चूक माणसाला इजा करते. आजार बरा झाला नाही की ‘तुझा विश्वास कमी पडला’ असे सांगितले जाते. यात ‘कसा’ला ‘कोणावर’च्या जागी बसवले आहे: बरे करणारा देव न राहता माझ्या मनाचा जोर बरे करणारा झाला. मोहरीच्या दाण्याचे वचन (मत्तय १७:२०) नेमके उलटे सांगते. दाणा लहान असला तरी चालतो. असे वाक्य गटात कोणी उच्चारले तर बैठक तिथेच थांबवून तिसऱ्या रकान्याकडे परत जा.

आणि शेवटी, ‘काय’चा रकाना कोणाचा रिकामाच राहिला तर तो स्वतः भरून देऊ नका. त्या व्यक्तीला मार्कचे शुभवर्तमान घरी एका बसणीत वाचायला सांगा. दीड-दोन तास लागतात. वाचताना एकच प्रश्न समासात लिहायचा: हा कोण आहे? पुढच्या वेळी ती तिसऱ्या रकान्यापासून सुरुवात करील, आणि तसे चालते.